जोडीचे कॅमेरे

वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून त्या राखीव जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधलेले असत, आणि त्यांतली फोटोंची कार्डं काढायला दोघं जात. डावं कार्ड गार्डबाईचं, उजवं म्हाताऱ्या वॉचरचं. त्याला सगळे तात्या म्हणत. इतकी साधी गोष्ट. पण माणूस घाबरला की साधंच आधी विसरतो.

त्या सकाळी हातातल्या छोट्या पडद्यावर अडतिसावा फोटो आला आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा पाठचा भाऊ, खांद्यावर तारेचं वेटोळं. ती तार कशासाठी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. असले फास तिने स्वतःच्या हाताने ढिगाने उपटले होते. आईने मरताना ज्याला हिच्या ओटीत घातलं, तोच हा दिवटा. सापडला तर कित्येक वर्षं आत. तिचं बोट आपोआप बटणावर गेलं आणि फोटो पुसला गेला.

जीप निम्म्या वाटेवर आल्यावर तिला उजवा कॅमेरा आठवला. तात्याने आपलं कार्ड पाकिटात घालून ते केव्हाच चिकटवलं होतं. एरवी ऑफिस येईपर्यंत त्याची टकळी थांबत नसे. आज तो मिटल्या तोंडाने बसला होता. याने पाहिलंय, तिला वाटलं.

ऑफिसात रेंजर साहेबांनी नेमकं उजवंच कार्ड आधी लावलं. बाई भिंतीला टेकली. छत्तीस, सदतीस. मग एकदम एकोणचाळीस.

"अडतीस कुठे गेला?" साहेबांनी डावं कार्ड लावलं. तिथेही तोच नव्हता. "दोन्ही कॅमेरे एकाच वेळी आंधळे झाले म्हणायचे?"

बाईने तात्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. आपल्या भावासाठी हा कशाला घाबरेल, हे तिला कळेना.

एकोणचाळीसमध्ये वाघीण होती, मागे दोन बछडे. परवा सकाळी पाणवठ्याकडे निघालेली. त्यापुढे एकही फोटो नव्हता.

"ती रोज याच वाटेने परतते," साहेब हळूच म्हणाले. "दोन दिवस झाले."

तारेत अडकलेला पाय हाडापर्यंत कसा चिरत जातो, ते बाईने पाहिलं होतं. तिला भावाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त, आणि भीती तर जाईचना.

"साहेब, पाणवठ्याजवळ फास असतील," ती म्हणाली. "अडतीसमध्ये माझा भाऊ होता, तार घेऊन. एकटाच. फोटो मी पुसला."

साहेबांनी जीपच्या किल्ल्या उचलल्या. तात्या दारातच उभा होता. त्याला बाजूला व्हायचं भान नव्हतं.

"एकटा नव्हता तो," तात्या म्हणाला. "त्याच्या पलीकडून, माझ्या कॅमेऱ्याच्या बाजूने, माझा पोरगा चालत होता."