कोरडी फळी

बुटाची एक नाडी गायब. बूट जागेवर आहे.

शुक्रवार. पटाशी, रंधा, करवत. मुठींना तेल. वीस वर्षं हे काम माझं. आमच्या घराला, कपड्यांना, उशांनासुद्धा त्या तेलाचा वास.

कागदावर छापलेलं: शिबिरात काडेपेटी, लायटर आणू नये.

पक्ष्याचं रिकामं घरटं, पिठाच्या डब्यावर.

"तुमचे हात आता पूर्वीचे राहिले नाहीत." कारखान्याचा मालक हे बोलला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. कप अजिबात हलत नव्हता.

आता सरळ सांगते.

माझा नवरा सुतार. मालकानं काढल्यावर हे चार महिने घरी बसले. बसले म्हणजे खरंच बसले. खिडकीपाशी, हात मांड्यांवर ठेवून, कुणीतरी ते सांभाळायला देऊन गेल्यासारखे. मग माझा धाकटा भाऊ आला. तो ऑफिसातल्या लोकांना रानात नेतो, पानांच्या झोपडीत झोपवतो आणि सोमवारी कामावर परत पाठवतो. त्याला आग पेटवून दाखवणारा माणूस हवा होता.

"काडेपेटीशिवाय, भावोजी. लाकडावर लाकूड घासून. शनिवारी वीस माणसांसमोर पेटवा, हंगामभर काम तुमचं."

"आणि नाही पेटली तर?"

"तर ताईच्या हातचा चहा प्यायचा आणि गप्प बसायचं."

काम हवंच होतं. पण त्याहून जास्त, हात गेलेले नाहीत हे यांना बघायचं होतं. मालकाला दाखवायला नाही. स्वतःला.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू झाला. वाकवलेल्या फांदीला बुटाची नाडी, ती कमान. नाडीच्या वेढ्यात काठी. काठीचं खालचं टोक फळीच्या खळग्यात, वरचं दगडाच्या खोबणीत. दगड दाबून धरायचा आणि कमान पुढे-मागे ओढत राहायची. दगडाच्या खोबणीत हे तेलाचं बोट फिरवत, वर काठी अडू नये म्हणून. मी खिडकीतून बघत असे.

पहिले तीन दिवस वाया. सुताराला वाईट लाकूड हातात धरवत नाही. यांनी जपून ठेवलेला जड, सुंदर तुकडा काढला, पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केला. धूर नाही, काही नाही. चौथ्या दिवशी कचऱ्याजवळून खोक्याचं पोचट लाकूड उचलून आणलं. अशाच खोक्यांतून तयार कपाटं येतात, नुसते स्क्रू पिळले की उभी.

"जन्मभर ज्याला नाकं मुरडली, त्याच्याच पाया पडायची वेळ आली बघ," म्हणाले.

गुरुवारी फळी कण्हायला लागली. धूर. काळी भुकटी. भुकटीत वाटाण्याएवढा निखारा. यांनी तो पेटवणासाठी आणलेल्या वाळक्या घरट्यात ठेवला, फुंकला, आणि घरटं पेटलं. हे हसले नाहीत. दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट बघितले.

"अगं, आहेत," म्हणाले.

शनिवारी मीही गेले. वीस माणसं, वीस मोबाइल वर. यांनी कमान ओढली. काठी फिरली. छान फिरली, फारच छान. कण्हणं नाही. पाच मिनिटं. दहा.

"भावोजी, निदान धूर तरी काढा, डास तरी पळतील!" माझा भाऊ.

सगळे हसले. एक बाई हसता हसता म्हणाली, "अहो, दमलेत ते." ते जास्त लागलं.

हे ओढत राहिले. मग हात थरथरायला लागले. इतका वेळ ओढल्यावर कुणाचेही थरथरतील. पण यांनी खाली पाहिलं, आपल्या हातांकडे, आणि कमान ठेवून दिली.

भावानं खिशातून लायटर काढला. "आदिमानव आज रजेवर आहे, मंडळी!"

टाळ्या.

बसमध्ये हे एकच वाक्य बोलले. "मालक खोटं बोलला नव्हता."

हत्यारं पुढच्याच आठवड्यात देऊन टाकली. मी म्हटलं, असू द्या. म्हणाले, "कुणाच्या हातांसाठी?" आता एका इमारतीच्या गेटवर बसतात. गेट बटणावर चालतं. घरातल्या स्टुलाचा पाय हलतो, त्याखाली कागदाची घडी सारतात. स्टूल यांनीच केलेलं.

मला यांना एक गोष्ट सांगायची आहे. पंधरा महिने झाले. कामावरून आले की पाणी पुढे करते, तोंड उघडते, आणि विचारते, भाजी कोणती करू. सांगितलं तर यांचे हात यांना परत मिळतील. मग यांच्या डोळ्यांसमोर मी उरेन.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मुठींना तेल लावून झालं, तरी फडक्यात थोडं उरलं होतं. फळी कोरडी दिसली, काठीही. दोन्हींना चोळून लावलं.