नंबर बदलायचा अधिकार

चौसाळ्याच्या समाज मंडळाचं पोर्टल पंचशीलानं फुकटात करून दिलं, आणि फुकटच्या कामाला सल्लागार किती निघतात ते तिला तेव्हा कळलं. सभासदत्व, वधू-वर मेळावा, मुलींची शिष्यवृत्ती, या तिन्हींना लॉगिन मात्र एकच हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की तिन्ही दारं उघडी. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या लक्षात तीन-तीन पासवर्ड कुठले राहायला!

भांडण झालं ते कुणाला काय दिसावं यावरून. कार्यकारिणीला सगळ्यांचं सगळं बघायचं होतं. पंचशीला हटून बसली, की पत्ता ज्याचा त्याला आणि पोर्टल चालवणाऱ्या तिलाच दिसेल, अध्यक्षांनाही नाही. याला कारण होती पौर्णिमा, तिची शाळेपासूनची मैत्रीण. नांदूरघाटचा तिचा नवरा बाळू तिला गुरासारखा मारायचा. शेवटी लेकीला घेऊन ती निघाली आणि आष्टीत खोली करून राहिली. लेकीची शिष्यवृत्तीची पुस्तकं पंचशीला स्वतः पाठवायची, म्हणून पोर्टलवर पत्ता भरणं भाग होतं.

"भर बिनघोर," पंचशीला तिला म्हणाली होती. "तुझ्या-माझ्याबिगर कुणालाच दिसत न्हाई."

एक अधिकार तेवढा उरला होता. लोक सिम बदलतात, फोन हरवतात. सभासदाचा नंबर बदलून द्यायला कुणीतरी हवं. तो अधिकार तिनं एकाच माणसाला दिला, मंडळाच्या सचिवांना. सचिव म्हणजे तिचे वडील, जालिंदर गुरुजी. ज्या बापानं भावकीची बोलणी खाऊन तिला इंजिनिअर केलं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?

मग एके दुपारी पौर्णिमाचा फोन आला. "बाळू दारात हुबा हाय. आतून कडी लावलीय मी. पंचे, त्याला पत्ता कसा कळला गं?"

पंचशीलानं आधी पोलिसांना फोन केला. ते बाळूला घेऊन गेल्याचं कळल्यावरच ती खाली बसली आणि विचार करायला लागली. पत्ता फुटायला रस्ता एकच होता. पौर्णिमाचा नंबर काढून तिथं बाळूचा घातला, की ओटीपी बाळूला जाणार आणि एकाच लॉगिननं शिष्यवृत्तीचं पानही उघडणार. हे करू शकणारा माणूस बाहेर ओसरीवर चहा पीत होता.

"अप्पा, पौर्णिमाचा नंबर तुमी बदलला?"

"बदलला." त्यांनी लपवलंसुद्धा नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "बाळू माझा विद्यार्थी. पाया पडला, रडला. मी म्हनलं, भेटतील, बोलतील, संसार जुळंल. लेकराला बाप नको का?"

"मी तिला शब्द दिलता, अप्पा!"

"मग शब्द देताना मला कावून न्हाई इचारलं? अन् पत्ता चोराला दिला का मी? आपल्याच समाजाचं पोरगं हाय."

हे परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून ती मोकळी झाली असती. बापाला काय म्हणायचं? तिनं आत जाऊन त्यांचा अधिकार काढून टाकला, आणि मग तोंडात ओढणी कोंबून पोटभर रडली.

संध्याकाळी तिनं पौर्णिमाला फोन लावला. पोर्टलमध्ये बिघाड झाला होता, असं म्हणावं हे अगदी ओठावर आलं होतं. बापाची अब्रूही राहिली असती आणि मैत्रीणही.

"अप्पांनी तुझा नंबर काढून बाळूचा घातला," ती म्हणाली.

"अप्पांनी?" पौर्णिमाचा आवाज बारीक झाला. "माझ्या लग्नात बापाच्या जागी हुबे होते गं ते."

"त्यांचा अधिकार काढला मी. आता कुणालाच—"

"आमी निघालोय इथून. सामान बांधलंय."

"कुठं? पोरीची पुस्तकं धाडायची हायेत."

"नगं पुस्तकं. दोघींची नावं काढून टाक." मग हळूच ती म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई, पंचे. पर नवा पत्ता तुला न्हाई सांगत. तू त्यांच्याच घरात ऱ्हातीस."