पुढचं दार

"आत्या, पुढच्या बाकावर चल. इथे तुला काय डोंबल ऐकू येणार?" डेलोरिस वर्नेलाच्या कानाशी ओरडली.

"पुढे तरी काय येणार आहे? आणि तुझ्या त्या टोपीमागे बसले तर पाळकही दिसायचे नाहीत."

वर्नेलाने जन्मभर या चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागेवर नेऊन बसवलं. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. आता कान गेले होते. उद्या चर्च पाडणार होते. शेवटचं प्रवचन एकदा ऐकू यावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

हे चर्च एझरा टॉलिव्हरनी आखलं आणि बांधलं; त्यांना जाऊनही आता कैक वर्षं झाली. काळ्या माणसाच्या काखेत नकाशाची सुरळी दिसली की सेंट लुईत लोक हसायचे, तेव्हाची गोष्ट. छप्पर चढल्यावर त्यांनी तरण्या वर्नेलाला मधोमध उभं करून गुणगुणायला लावलं. स्वतः खांबांवर तळहात टेकवत फिरत राहिले.

"लाकूड ऐकतं, पोरी."

"पण मागचं दार कुठंय?"

"नाहीच. गोऱ्यांची बँक मी आखली, अन् मलाच मागच्या दाराने आत घेतलं. इथे सगळे पुढून येतील, पुढूनच जातील."

पाळकांनी संथपणे सुरुवात केली. माईक कालच काढून नेले होते. हळूहळू त्यांच्या शब्दांना सूर फुटला असावा, कारण बायकांच्या हातातले पंखे थांबले, माणसं उभी राहिली. "बोला, पाळकबाबा, थांबू नका!" असं ती नेहमीसारखी ओरडत असणार. वर्नेलाला नुसते ओठ हलताना दिसत होते.

तिने हातमोजे उतरवले. उघडे तळवे समोरच्या बाकाच्या पाठीवर टेकवले.

आधी काहीच नाही. मग लाकूड गुणगुणू लागलं. सूर तळव्यांतून कोपरांत चढला, कोपरांतून छातीत. कुठूनसा ताज्या कापलेल्या पाइनचा वास आला. खांबाखांबाला हात लावत कुणीतरी सावकाश फिरत होतं. वर्नेलाने डोळे मिटले आणि त्या सुरात आपला सूर मिसळला.

उपासना संपली, लोक पांगले.

"आत्या, चल ना. आत कुणी उरलं नाही."

"आहेत गं."

तिने हातमोजे चढवले, गुंड्या लावल्या. पुढच्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. डावा हात पाठीशी धरला आणि उजवा पुढे करून अदबीने वाट दाखवली. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या उतरायला लागतो, तेवढा वेळ ती तशीच उभी राहिली.

मग तिने दार लोटून घेतलं.