नवसाबाईनं कर मागितला

या, असे पुढं सरका. पायरीवर नका बसू, दगड गार लागतो. सतरंजीवर जागा आहे अजून. टाळ ठेवा खाली घटकाभर. आज देवादिकांचं आख्यान नाही. आपल्याच मखमलाबादकडच्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे. ही बाई आपल्या पायांनी सरकारच्या दारात गेली आणि म्हणाली, साहेब, कर लावा. हसू नका. आधी ऐका, मग हसायचं की डोळे पुसायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

नवसाबाईची पत्र्याची शेड पाटाच्या कडेला होती. नवरा गोटीराम झेंडू, शेवंती, निशिगंध पिकवायचा आणि ही फुलं ओवायची. आधी एका देवळाचा रोजचा हार, मग दोन देवळांचे, मग नाशिक रोडच्या दुकानांचे, मग लग्नाच्या मंडपांचे. दोन हजार दोन साल उजाडेपर्यंत शेडमध्ये सात-आठ बाया मांडी घालून बसू लागल्या होत्या. एकीनं गवळण उचलली की बाकीच्या मागून धरत, आणि सुया तालावर चालत. त्यांतल्या गुलजारबीलाही गवळणी तोंडपाठ झाल्या होत्या. तिच्या गुलाबाच्या वेणीला तर सबंध फुलबाजारात तोड नव्हती.

आता या शेडची रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवरच आहे. नवसाबाई पगार द्यायची एकादशीला. महिन्यात दोन एकादश्या, दोनदा पगार. त्या दिवशी शेडमध्ये साबुदाण्याची खिचडी, कपाळाला बुक्का, हातावर पाकीट, आणि मग सगळ्यांनी मिळून कीर्तनाला. पाकिटातली रक्कम बेताचीच. पण पाकिटाच्या बाहेर तिचा हात मोकळा सुटायचा. कुणाच्या पोराची शाळेची फी, कुणाचं खोलीचं भाडं, सुगीला प्रत्येकीच्या घरी बाजरीचं पोतं, संक्रांतीला लुगडं किंवा साडी, ईदेला गुलजारबीकडं दूध-शेवया. "ह्या काय कामाला ठेवलेल्या बाया हायेत का?" ती म्हणायची. "माझ्या लेकी हायेत." आणि तिला ते मनापासून वाटायचं.

अशा त्या शेडमध्ये चैत्राच्या एका सकाळी तानुबाईनं सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "आई, पुढल्या महिन्यापासून मी नाय येणार. सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलंय."

तानुबाई नांदगावकडची. नवरा वारला तेव्हा पदरात एक मुलगी, रूपाली. ती मखमलाबाद नाक्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायची आणि नवसाबाईकडं पहिल्यापासून होती. शेड उभी राहिली तेव्हा पत्र्याला आतून हात देऊन धरणारी हीच.

नवसाबाईच्या हातातलं निशिगंधाचं फूल देठापासून तुटलं. "जास्त देत्यात का तिथं?"

"नाय. इथल्यापेक्षा थोडं कमीच पडंल."

"मग? माझ्या बोलण्यात काय आलं? कुणी काय म्हणलं?"

"कुणी काय नाय म्हणलं, आई."

"मग जा बाई. कारखान्यात मोठ्ठा भोंगा वाजतो म्हणं. इथं काय, गवळणीच."

टोमणा तोंडातून निघाला आणि नवसाबाईला स्वतःलाच झोंबला.  दिवसभर शेडमध्ये कुणी गवळण उचलली नाही.

संध्याकाळी हार टेम्पोत चढवून झाले. बाकीच्या गेल्या, गुलजारबी मात्र पाय ओढत मागं राहिली. "आई, तिच्यावर रागावू नका. तिला पगाराचा दाखला पायजे, कारखान्यात तो मिळतो."

"कसला दाखला?"

"तिकडं म्हसरूळच्या अंगाला लहान खोल्यांची इमारत होतीये. बँक कर्ज देतीये बायांना, त्यांच्या नावावर. पण बँकवाला म्हणतो, तू कुठं कामाला हायेस त्याचा कागद आण. पगार किती, मालक कोण, मालकाची सरकारात नोंद हाय का, पगारातून व्यवसाय कर कापला जातो का. हिनं सांगितलं, मी आईकडं हार ओवते. तो म्हणाला, आईकडं तर सगळ्याच काम करतात."

नवसाबाई तिथंच फुलांच्या ओल्या गोणपाटावर बसली. "मला का नाय बोलली ती?"

"काय बोलणार? तुम्ही लेक म्हणता. लेकीनं आईकडं पगाराचा दाखला मागायचा का?"

दुसऱ्या दिवशी नवसाबाई तडक तानुबाईच्या खोलीवर गेली. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा. तानुबाई भाकरी थापत होती. तिनं घाईघाईनं हात धुतले.

"दरसाली घरमालक म्हणतो, खाली कर," तानुबाई म्हणाली. "दरसाली मी हात जोडते. रूपाली आता मोठी झाली, आई. तिच्यासमोर हात जोडायला लाज वाटती." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही लय दिलं. मला पोचलं ते सगळं. पण ते कुणाला दाखवता येत नाय बघा. मी इतकी वर्सं कुठं होते, कुणी इचारलं तर काय दाखवू? बाजरीचं पोतं?"

 महिनाअखेर बँकेची मुदत होती. तोवर दाखला आला नाही तर खोली दुसऱ्याला, आणि तानुबाई सातपूरला.

नवसाबाईचा भाचा कुंदन नाशिक रोडला राहायचा आणि दुकानदारांची विक्रीकराची कामं बघायचा. ती त्याच्या दारात उभी राहिली तेव्हा तो दाढी करत होता.

"आत्या, मी तुला तीन वर्षं सांगतोय," तो फेस लावलेल्या गालानंच म्हणाला. "पगारी माणसं ठेवली की मालकानं व्यवसाय कराची नोंदणी करायची. पगारातून कर कापायचा आणि राज्य सरकारला भरायचा. तू म्हणालीस, आमच्यात मालक एकच, तो वर बसलाय."

"मग खोटं हाय का?"

"खरं आहे. पण तो सही करायला येत नाही ना ऑफिसात."

"देवाला हसतो, मेल्या." पण ती हसली. मग गंभीर झाली. "कुंदन, मला मालकीण कर बाबा. लवकर कर."

दोघं व्यवसाय कराच्या ऑफिसात गेली. तिथल्या टेबलावर यादव नावाचे साहेब होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. कुंदननं कागद पुढं केले. साहेबांनी विचारलं, "मावशी, पगार किती तारखेला देता?"

"एकादशीला."

"तारीख?"

"ती पंचांगात असती, साहेब."

यादव साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आणि अधिक महिना आला की?"

"मग अधिकाचा पगार. धोंड्याच्या महिन्यात पोट थांबतं का? गेल्या साली दिला की."

शेजारच्या टेबलावरचा माणूस फाईलमागं तोंड लपवून हसला. यादव साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी प्रत्येकीच्या नावापुढची रक्कम वरपासून खालपर्यंत पाहिली आणि कागद सरळ करून परत दिले. "मावशी, तुम्हाला नोंदणीची गरजच नाही. एका ठरावीक रकमेच्या वर पगार गेला तरच कर लागतो. तुमच्या एकाही बाईचा पगार तेवढा नाही. निर्धास्त जा घरी. लोक यासाठी इथं किती खटपटी करतात!"

कुंदनचा चेहरा खुलला. नवसाबाईचा उतरला. ती उठली नाही.

"साहेब, लावा की कर."

"अहो, लागतच नाही तर कसा लावू?"

"एकीला तरी लावा. तानुबाईला. लय गुणाची बाई हाय. तिच्या वाटचा मी भरते."

"तसं नसतं मावशी. पगार तेवढा हवा."

"पगार तेवढा कसा नाय?" नवसाबाईचा आवाज चढला. "तिच्या खोलीचं भाडं कोण देतं? तिच्या पोरीची फी? बाजरी, लुगडं, दवाखाना? सगळं धरलं तर लावा तुमचा कर!"

यादव साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं दर महिन्याला देता?"

"देते म्हंजे! इचारा कुणालाही."

"मग ते पगारात का नाही घातलं?"

"ते पगाराचं नाय साहेब. ते मायेचं हाय."

यादव साहेब टेबलावरून जरा पुढं वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मायेवर सरकार कर लावत नाही, मावशी. पण मायेचा दाखलाही देता येत नाही. तुम्ही ते पाकिटात घाला, त्यांच्या हक्काचं म्हणून. मग या. मी एका दिवसात नोंदणी करून देतो."

परतताना सिटी बसमध्ये नवसाबाई खिडकीशी बसली. कुंदन काहीबाही बोलत होता, तिचं लक्ष नव्हतं. तिला दिसत होती दारावर उतरणारी बाजरीची पोती, आणि पोतं उतरताना बायांच्या तोंडावर उमटणारं हसू. ते हसू तिला गोड लागायचं. एकादशीचा उपास सोडताना पहिला घास जसा लागतो तसं. आता ते द्यायचं पाकिटात, रोख, आणि "हक्काचं" म्हणायचं. मग आपण काय दिलं? आपल्या हाताला काय उरलं? कामाचा दाम होता तो, आणि आपण इतकी वर्षं तोच दान म्हणून वाटत आलो की काय? या प्रश्नानं तिला गोदावरीचा पूल येईपर्यंत मान वर करता आली नाही.

शेडमध्ये सगळ्यांना तिनं समोर बसवलं. आणि सांगितलं. बाजरी बंद, लुगडं बंद, भाडं-फी बंद. त्याचे जे काय पैसे होतात ते सगळे पगारात. त्यातून कर कापला जाईल, नाव सरकारात लागेल, प्रत्येकीला दाखला मिळेल.  "आता मी तुमची मालकीण झाले गं," ती म्हणाली, जणू कुणी गेल्याचं सांगत होती.

 मग तानुबाई म्हणाली, "आई, एक बोलू? राग नाय ना येणार?"

"बोल."

"मला बाजरी सोसत नाय. पित्त होतं. मी पोतं वाण्याकडं देऊन ज्वारी आणायची. इतकी वर्सं."

नवसाबाई आ वासून बघत राहिली. तोच गुलजारबी म्हणाली, "आणि लुगडं दरसाली हिरवंच का हो आई? माझ्या पेटीत हिरवं रान झालंय." एकजण खुदकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळी शेड हसून हसून फुलांवर कलंडली. नवसाबाईसुद्धा हसली, आणि हसता हसता रडली. तानुबाईनं पुढं होऊन तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले. त्या पदराला झेंडूचा वास होता.

नोंदणी झाली. यादव साहेबांनी शब्द पाळला. पगार वाढला, तसा तो लिहिला गेला आणि पाकिटं एकादशीलाच निघाली. कुंदन दोन एकादश्यांची बेरीज करून महिना बसवायचा आणि अधिक महिन्याच्या नावानं कपाळाला हात लावायचा. पहिल्यांदा कर कापलेलं पाकीट घेताना तानुबाईनं कापलेली रक्कम बोटानं दाखवत विचारलं, "हे सरकारला गेलं? माझ्या नावानं?" आणि स्वतःचं लग्न ठरल्यासारखी ती लाजली. दाखला मुदतीच्या आत बँकेत पोचला. सातपूरला ती गेलीच नाही.

पुढच्या वर्षी खोलीचा ताबा मिळाला. नवसाबाई आली ती सवयीनं काखेत पिशवी मारून, आत डबे, तांदूळ, नारळ. तानुबाईनं दारातच पिशवी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आज काय द्यायचं नाय. आज बसायचं."

खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर नवसाबाई अवघडून बसली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. आयुष्यभर ते हात काहीतरी देत आले होते. रूपालीनं चहा आणला, बशीत दोन बिस्किटं. तानुबाई समोर उभी राहून बघत होती. नवसाबाईनं कप उचलला. चहात साखर फार पडली होती. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, रिकामा कप पुढं केला आणि म्हणाली, "अजून हाय का गं?"

त्या दिवशी आईनं आपल्या हातून मागून घेतलं, ते खोलीच्या किल्लीपेक्षा मोठं होतं, असं तानुबाई अजून सांगते.

नवसाबाई आता नाही. पण मायबाप हो, एवढं करा. घरी धुण्याला, भांड्याला, शेतात, दुकानात जी कुणी तुमच्याकडं राबते, तिच्या हातावर पगार ठेवाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि सगळं मायेनं देऊन झाल्यावर हक्काचं द्यायला शिकलेली ती पाटाकडची नवसाबाई आठवा.