मध्यस्थाची झाडं

बातकेन शहरात मध्यस्थीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन कालबूबू गावी परतली, तेव्हा तिच्या पिशवीत एक रंगीत प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: मध्यस्थाचं त्या वादात स्वतःचं काही नसावं.

हे वाक्य एर्निस नावाच्या तिथल्या तरुण प्रशिक्षकाचं. त्याच्या मते भांडण मिटवणं अगदी सोपं होतं. समोरच्याचं ऐकायचं, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं आणि दोघांना मान्य होईल असा एक तरी मुद्दा शोधायचा. एर्निसचं अजून लग्न झालेलं नव्हतं.

गावातलं भांडण पाण्याचं. डोंगरावरून येणारा पाट आधी वरच्या आळीतून जातो, मग कालबूबूच्या जर्दाळूच्या बागेला वळसा घालून खालच्या आळीत उतरतो. दोन उन्हाळे गावातल्या कुदळी मातीपेक्षा माणसांवरच जास्त चालल्या होत्या. बाग तिच्या नवऱ्यानं, सापारनं लावलेली. तो गेला, झाडं राहिली. शाळेच्या पेन्शनीत चहा भागायचा. बाकीचा हिवाळा सुकवलेल्या जर्दाळूंवर निघायचा.

पहिल्या बैठकीला वरच्या आळीचे, सगळे थोरल्या भावाच्या मानानं 'आके' म्हणत ते तुर्दुबाय आके आणि खालच्या आळीचा एशेनकुल समोरासमोर बसले. मधे रोटी. तुकडे मोडून झाल्यावर तुर्दुबाय आके म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमची झाडं याच पाटावर आहेत. मग तुम्ही कसल्या मधल्या?"

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला असा प्रश्न कुणी भर सभेत विचारायचा नसतो. कालबूबूनं हातातला रोटीचा तुकडा उंच धरला. "या वादात माझं काही नाही. माझी झाडं मी बाजूला ठेवली."

जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रोटी हातात धरून बोललेला शब्द जो मागे घेतो, त्याच्या घरचा चहा गावात कुणी पीत नाही.

मग एशेनकुलनं सुरुवात केली. "पाणी पिऊन पिऊन वरच्यांची पोटं सुटलीत बघा."

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय, की वरच्या आळीला पाणी जास्त मिळतं," कालबूबू शांतपणे म्हणाली.

"नाही एजे, मला पोटंच म्हणायची आहेत," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं एशेनकुल म्हणाला.

"हे पोट माझ्या सुनेच्या हातच्या पुलावाचं आहे!" तुर्दुबाय आके कडाडले. "तुझ्या घरी काय शिजतं ते तुझ्या गालांवर दिसतंय!"

पण विद्या खोटी नव्हती. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकून माणूस ओशाळतो. तिसऱ्या बैठकीत एशेनकुल चक्क आदरानं बोलला. "आके, राग नका मानू. तुम्ही सोडता तेवढं पाणी आमच्याकडे येतच नाही. मधे बागेत जिरतं."

"अरे, मी दुसरं काय म्हणतोय!" आके गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "सोडतो आम्ही, पोचत नाही तुम्हाला, आणि शिव्या खायच्या आम्ही!"

दोघांनी एकमेकांकडे प्रेमानं पाहिलं. दोघांना मान्य असलेला मुद्दा सापडला होता. पुढचं चहा निवायच्या आत ठरलं: दिवसा पाणी वर, रात्री खाली, आणि बागेकडची मोरी दगड-मातीनं बंद.

कालबूबूनं चहाची वाटी खाली ठेवली. "आणि मधल्या झाडांचं काय?"

"कुणाची झाडं?" आक्यांनी निरागसपणे विचारलं.

"माझी."

"एजे," एशेनकुल खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही रोटी हातात धरून बोललात. आता कुठे आमचं जमतंय. तुम्हीच बाजू घ्यायला लागलात तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय, की माझी झाडं वाळू द्यायची."

"असं आम्ही कुठं म्हटलं?" दोघे एका सुरात म्हणाले. गेल्या दोन वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात बोलत होते.

समेटाचं मेंढरू कापलं गेलं. मानाचा तुकडा कालबूबूच्या ताटात पडला. कडक उन्हाळ्यात तिनं पाटातलं पाणी बादल्यांनी घालून दोन-चार झाडं जगवायचा प्रयत्न केला, तेव्हा एशेनकुलच्या सुनेनं फार अदबीनं तिच्या हातातून बादली काढून घेतली आणि तिला घरापर्यंत पोचवलं. एर्निस यशोगाथेसाठी फोटो काढायला आला. "एजे, जरा इकडे सरका," तो म्हणाला. "मागची झाडं भकास दिसतायत."

पानगळीच्या दिवसांत दोन्ही आळ्या कुऱ्हाडी घेऊन आल्या. वाळलेली झाडं उभी ठेवून काय करायचं, एजेच्या चुलीपुरतं ठेवू, बाकीचं वाटून घेऊ, असं त्यांचं परस्पर ठरलंही होतं. घोडं अडलं ते सापारनं पहिल्यांदा लावलेल्या झाडापाशी. त्याच्या जाड बुंध्यातून कोमुझ वाद्यं चांगली निघाली असती. तुर्दुबाय आक्यांचा पुतण्या कोमुझ बनवायचा, आणि एशेनकुलचा साडूही. आवाज चढले. कुऱ्हाडी लाकडावरून उचलल्या गेल्या.

"थांबा, थांबा! एजेला बोलवा!"

कालबूबू आली. पाडलेल्या बुंध्यावर फडकं अंथरून तिनं रोटी ठेवली, तुकडा मोडला आणि उंच धरला.

"या वादात माझं काही नाही," ती म्हणाली.

या वेळी कुणी शंका काढली नाही.