अठरा मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. माझा एक कोपरा तपकिरी, चिकट आहे. कितीही घासा, जात नाही. मधमाश्या झाडांचा चीक आणून पोळ्याच्या फटी लिंपतात, त्या डिंकाला प्रोपोलिस म्हणतात. माझे पहिले मालक मधमाश्या पाळत आणि तो डिंक माझ्याच टोकाने खरवडत. मोजमाप राहिलं बाजूला!

पुढे त्यांच्या मुलीने मला प्रयोगशाळेत नेलं. तिने वडिलांचा डिंक अल्कोहोलमध्ये विरघळवला, त्यात कागदाची टिकली बुडवली आणि जंतू वाढवायच्या बशीत ओलीच ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतू, पण टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. मी मोजलं, अठरा मिलिमीटर. तिने तिथूनच फोन लावला, "बाबा, तुमचा डिंक भारी निघाला!"

बाबांच्या पायाला मधुमेहाने चिघळलेली जखम होती. त्यांनी दवाखाना सोडला आणि डिंकच लावू लागले. कोणी टोकलं की म्हणायचे, "आमच्या पोरीनं मोजलंय, अठरा!" एवढी वाहवा माझी कधी झाली नव्हती.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या थोरल्या बाईंनी वही चाळताना विचारलं, "अगं, नुसत्या अल्कोहोलची टिकली कुठाय?"

ती ठेवलीच नव्हती. ठेवली, तर तिच्याभोवतीही वर्तुळ आलं. मी मोजलं, सतरा. म्हणजे जंतू मारले होते ते बहुतेक ओल्या अल्कोहोलनेच. मुलगी रडलीसुद्धा नाही. ती घरी धावली, बाबांना दवाखान्यात नेलं. दोन बोटं कापावी लागली.

मग सात महिने मी खणात पडून होते. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, काहीच वाटलं नाही.

एका सकाळी बाबा काठी टेकत आले. हातात डिंकाचा नवा गोळा. "बैल गेला नि झोपा केला म्हणतील लोक. म्हणू देत. या वेळी नीट मोज."

तिने टिकल्या आधी वाळवल्या. शेजारी नुसत्या अल्कोहोलचीही ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती काही नव्हतं. डिंकाच्या टिकलीभोवती नऊ मिलिमीटर.

"नऊ," तिने फोनवर सांगितलं. "पण बशीत हं, बाबा. पायावर नाही."

"कळलं गं. मलमपट्टीलाच निघालोय."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, वाकवू नका. आणि माझा आकडा कोणाला सांगाल, तेव्हा मी काय मोजलं तेही सांगा. मी बशीतलं वर्तुळ मोजलं होतं. बाबांची जखम मला कोणी दाखवलीच नव्हती.