श्यामला बोलते आहे

"ही पॉलिसी नको," पद्माने लॅपटॉप बाबांकडे वळवला. "हिच्यात फक्त हॉस्पिटलचा खर्च मिळतो. आईला रोज लागतात त्या गोळ्या."

परदेशात, पॅरामॅटाच्या दोन खोल्यांच्या घरात आई, बाबा आणि पद्मा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पद्मा तिथली लाइट रेल, म्हणजे शहरातली ट्राम, चालवायची आणि आज तिची सुट्टी होती. आईबाबा गेल्या वर्षी नागपूरहून तीन वर्षांच्या व्हिसावर आले होते. सरकारी औषधांची सवलत इथल्या माणसांना, त्यांना नाही. येताना घाईत घेतलेल्या विम्याची मुदत संपत आली होती आणि आईच्या कंपवाताच्या गोळ्यांचा नागपूरहून आणलेला साठाही.

"मग ही दुसरी. हिच्यात औषधं आहेत," बाबा म्हणाले.

"आहेत. पण आधीपासूनच्या आजाराला पहिलं वर्षभर काही देत नाहीत."

बाबांनी चष्मा काढून पुसला. वीज मंडळात आयुष्यभर नोकरी केली, पण कधी कुणाच्या चहाचे मिंधे झाले नाहीत. तेच बाबा हळूच म्हणाले, "आधीपासूनचा कशावरून? हात थरथरायला लागला तो इथं आल्यावर, असं सांगायचं. इथला डॉक्टर काय नागपूरला चौकशी करायला जाणार आहे?"

वर्षभर त्या गोळ्या पदरमोड करून घ्यायच्या म्हणजे काय, याचा हिशेब पद्माने कालच करून पाहिला होता. बाबांचं म्हणणं तिला चूक वाटत होतं आणि सोयीचंही.

"मी सहा वर्षं आजारी आहे," आई म्हणाली.

आजाराने तिचा आवाज इतका खाली नेला होता की दोघांना पुढे वाकावं लागलं.

"उठता येत नव्हतं, तरी उठले. बटणं लागत नव्हती, तरी लावली. ती सहा वर्षं माझी आहेत. झालीच नाहीत असं कुणी सांगायचं नाही."

बाबांनी मान खाली घातली.

"फोन लाव," आई पद्माला म्हणाली. "मी विचारते त्यांना."

"अगं, तुला कसं जमेल?" बाबा म्हणाले. "तिकडच्या पोरीला ऐकू तरी येईल का?"

ते खोटं नव्हतं. आईचा आवाज गेला तसे बाबाच तिच्या वतीने बोलायला लागले होते. डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, विहारात भेटणाऱ्या माणसांशीसुद्धा. हळूहळू लोकही तिची खुशाली त्यांनाच विचारू लागले. पण त्याआधी आई, म्हणजे श्यामलाबाई, नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या दिवसांत कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचा बाप गेलेला, सगळं त्यांच्या कानावरून जायचं. घाबरलेल्या माणसाला शब्द फुटेपर्यंत त्या थांबत. पद्माने ते ऐकलं होतं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे विमा कंपनीतली एक तरुण मुलगी आली.

"माय नेम इज श्यामला," आई म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. तिचे ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता. बाबांनी तोंड उघडलं. पद्माने टेबलाखाली त्यांचा हात धरला.

"हॅलो? आर यू स्टिल देअर?"

आईने पाठ ताठ केली. "होल्ड द लाइन, प्लीज."

चार शब्द, पण खणखणीत. बाबा दचकून तिच्याकडे पाहत राहिले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"नो वरीज, श्यामला. टेक युअर टाइम," मुलगी म्हणाली, आणि खरंच थांबली.

मग आईने एकेक गोष्ट विचारली. मला सहा वर्षांपासून कंपवात आहे, तर माझ्या गोळ्यांचे पैसे कधीपासून मिळतील? वर्षाने. पुढे कंपनी बदलली तर पुन्हा वर्ष? तेवढ्याच औषधांची पॉलिसी असेल आणि मध्ये खंड पडला नाही, तर नाही. माझ्या यजमानांना नवीन काही झालं, तर त्यांची औषधं? ती पहिल्या दिवसापासून, ठरलेल्या मर्यादेत.

"सॉरी अबाउट द वेट," मुलगी म्हणाली.

"इट इज ऑल राइट. आय नो वेटिंग," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या कपाळावर घाम होता. "दुसरीच घे," ती पद्माला म्हणाली. "खरं सांगून घे."

पद्माने घेतली. वर्षभर रविवारची जादा शिफ्ट मागायची, हेही तिने तिथंच ठरवून टाकलं. ते तिला जड वाटलं नाही. कामावर गेल्यावर तिने बरोबरच्या ड्रायव्हरला, त्याने विचारलेलं नसताना, आपली आई टेलिफोन ऑपरेटर होती हे सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती दोघांना केमिस्टकडे घेऊन गेली. बाबा सवयीने पुढे झाले, दाराशी पोचले आणि थांबले.

"तू जा," ते आईला म्हणाले. "मी इथं आहे."

काचेतून पद्मा आणि बाबा पाहत राहिले. काउंटरवर आई काहीतरी सांगत होती आणि फार्मासिस्ट कान पुढे करून ऐकत होता. तिच्यामागे चार माणसं उभी होती. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. थोड्या वेळाने ते त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी काचेकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि ते रस्त्याकडे बघत उभे राहिले.